तात्पुरता म्हणून आलेला उपाय

बेंगळुरूच्या सर्जापूर रोडवरील एखाद्या सदनिकेतील मोबाइल, लॅपटॉप आणि टीव्ही यांचे इंटरनेट पत्ते तपासले, तर बहुधा १९२.१६८ ने सुरू होणारे आकडे दिसतात. शेजारच्या घरातही तेच आणि पुण्यातही तेच. मग मागवलेला व्हिडिओ नेमक्या मोबाइलवर कसा येतो?

१९८१ च्या आयपीव्ही४ नियमावलीने पत्ता ३२ बिटांचा ठरवला. म्हणजे जगासाठी एकूण सुमारे ४२९ कोटी पत्ते. ही लांबी प्रयोगापुरती निवडली होती, असे विंट सर्फ यांनी पुढे सांगितले. प्रयोग संपलाच नाही. अमेरिकेतील एमआयटीसारख्या एकट्या संस्थेकडे १ कोटी ६७ लाख पत्ते गेले. भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले झाले १५ ऑगस्ट १९९५ रोजी, तेव्हा टंचाईवरचा उतारा आधीच सुचवला गेला होता.

मे १९९४ मध्ये केल्ड एगेवांग आणि पॉल फ्रान्सिस यांनी 'नॅट' ही पद्धत मांडली आणि ती अल्पकालीन उपाय असल्याचे स्वतःच लिहिले. तिचे प्रचलित रूप जुन्या वाड्यासारखे आहे: पत्ता एक, बिऱ्हाडे अनेक. बाहेर जाणाऱ्या प्रत्येक संदेशावर राउटर घराचा सार्वजनिक पत्ता व एक पोर्ट क्रमांक घालतो आणि तक्त्यात नोंद ठेवतो. उत्तर आले की नोंद पाहून ते योग्य उपकरणाकडे देतो. नोंद नसलेला पाहुणा मात्र दारातूनच परततो.

३ फेब्रुवारी २०११ रोजी पत्त्यांचा जागतिक साठा संपला. मग सेवादात्यांनी अनेक घरांना मिळून एकच पत्ता देण्यास सुरुवात केली; वाड्याबाहेर आणखी एक वाडा! अशा जोडणीवरील विद्यार्थ्याने घरच्या संगणकावर संकेतस्थळ उभारले, तर ते बाहेरून सहसा उघडत नाही. एकाच्या गैरवापराने पत्ता अडवला गेला, की शेजारीही अडकतात. जगभरच्या कंपन्यांच्या संगणकयंत्रणा सांभाळणाऱ्या विप्रोचे मुख्यालय याच रस्त्यावर असावे, हा योगायोग मला बोचतो.

१२८ बिटांचे आयपीव्ही६ डिसेंबर १९९५ मध्येच मांडले गेले होते. भारतात त्याचा खरा प्रसार २०१६ नंतर, जिओच्या मोबाइल जाळ्याबरोबर झाला. तरीही जुन्या पत्त्यावरचे संकेतस्थळ उघडताना त्या मोबाइललाही सेवादात्याच्या तक्त्यातूनच जावे लागते.