बारसूचे वाघ, कशेळीचा हत्ती

वरळीच्या बीडीडी चाळींत कोकणातून आलेल्या गिरणी कामगारांची कित्येक कुटुंबे वाढली. त्यांच्या रत्नागिरीकडच्या सड्यांवर, गुहांत नव्हे तर उघड्या जांभ्यावर, कातळशिल्पे कोरलेली आहेत. वर्गात आम्ही कवीला बाजूला ठेवून कविता वाचायला शिकवतो. इथे तर कवीची भाषाही उरलेली नाही.

राजापूर तालुक्यातल्या बारसूला एक मनुष्याकृती आणि तिच्या दोहों बाजूंना दोन श्वापदे आहेत. मोहेंजोदडोच्या मुद्रेवरला, दोन वाघांना थोपवणारा पुरुष चटकन आठवतो आणि तिथेच आपण घसरतो. साम्य म्हणजे अर्थ नव्हे. 'वाघ' हे नावही आपणच दिलेले.

कशेळीचा हत्ती सुमारे १८ मीटर लांब. जवळ उभे राहिले तर हत्ती दिसतच नाही, नुसत्या रेषा दिसतात. त्याच्या देहात माशांसकट इतर कितीतरी प्राणी कोरलेले. मग हा हत्ती की हत्तीच्या आकाराचे जग?

या शिल्पांत शेती दिसत नाही, म्हणून ती शिकारी समाजाची, असे अभ्यासक म्हणतात. आम्हांला हा पुरावा अर्धाच वाटतो. कवितेत भात नाही म्हणून कवी उपाशी होता, असे कुणी म्हणते का?

२०२२ साली बारसू युनेस्कोच्या संभाव्य यादीत आले. एप्रिल २०२३ मध्ये त्याच परिसरात, ग्रामस्थांचा विरोध असताना, तेलशुद्धीकरण प्रकल्पासाठी माती परीक्षण सुरू झाले.