पेशव्यांच्या पुण्यातील नाताळ आणि आपला वारसा

नाताळचा सण जवळ आला म्हणजे खंडाळा, शिरवळ, लोणंद या बाजूची आपली कित्येक कुटुंबे नीरा नदी ओलांडून पुण्यास जाऊ लागतात. कोणी लेकीच्या घरी उतरतो, कोणी थोरल्या भावाकडे राहतो, कोणी केवळ रात्रीच्या मिस्सेसाठी जाऊन पहाटे माघारी येतो. हा परिपाठ आता इतका अंगवळणी पडला आहे की, पुणे शहरात नाताळ केव्हा आला, तो कोणी आणला व कोणाच्या आश्रयाने तेथे रुजला, हा प्रश्न आपल्या मनास शिवतही नाही. आपले शेजारी मात्र तो कधी कधी विचारतात. "हा सण इंग्रजांनी कँपात आणला ना?" असे ते सहज, कोणताही वाईट हेतू मनात न धरता, म्हणतात, आणि उत्तर ठाऊक नसल्यामुळे आपली शिकलेली मुलेदेखील गप्प राहतात. ज्युबिलीच्या या शुभ वर्षी त्या प्रश्नाचे उत्तर इतिहासाच्या आधारे द्यावे, असा या लेखाचा हेतू आहे. ते उत्तर आपल्या मुलांस ताठ मानेने सांगता येण्याजोगे आहे. त्याचबरोबर ते आपणां सर्वांवर एक जबाबदारीही टाकणारे आहे.

प्रथम शब्दाकडेच पाहू. 'नाताळ' हा शब्द इंग्रजी नव्हे. तो पोर्तुगीज भाषेतून आपल्याकडे आला व त्याचे मूळ लॅटिन भाषेतील 'जन्मदिवस' या अर्थाच्या शब्दात आहे. 'पाद्री', 'क्रूस' आणि रोजच्या जेवणातील 'पाव' हे शब्दही याच वाटेने आले. इंग्रजांचे निशाण पुण्यात लागण्यापूर्वी बराच काळ हे शब्द कोकण व गोमंतक या प्रांतांतील लोकांच्या तोंडी होते. इतकेच नव्हे, तर ख्रिस्तजन्माची कथा मराठी ओवीत गुंफण्याचे कार्यही त्या काळी होऊन गेले होते. फादर थॉमस स्टीफन्स हे जेज्वीट धर्मगुरू जन्माने इंग्रज खरे, परंतु 1579 साली गोव्यास आल्यावर त्यांनी आपले उर्वरित आयुष्य त्या भूमीस वाहिले. त्यांचे 'ख्रिस्तपुराण' 1616 साली राशोल येथे छापून निघाले. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ रोमन अक्षरांत छापलेला होता. तथापि त्याची वाणी मराठी होती. नवख्रिस्ती लोकांस आपल्या जुन्या पुराणांची आठवण होई, म्हणून त्यांच्या हाती त्याच घाटाचे नवे पुराण द्यावे, असा त्यामागील विचार. म्हणजे श्री शिवछत्रपतींच्या जन्मापूर्वीच बेथलेहेमची हकीकत मराठी ओवीत सांगितली जात होती.

आता पुण्याकडे वळू. इ. स. 1792 हे वर्ष पुणे दरबाराच्या वैभवाचे होते. गादीवर सवाई माधवराव पेशवे होते. आपल्या नीरेपलीकडे दिसणाऱ्या पुरंदर किल्ल्यावर 1774 साली त्यांचा जन्म झाला होता व या वेळी त्यांचे वय अवघे अठरा वर्षांचे होते. कारभाराची सूत्रे नाना फडणवीस यांच्या हाती होती. त्याच वर्षी जून महिन्यात महादजी शिंदे उत्तरेतून पुण्यास आले व त्यांच्याबरोबर युरोपीय अंमलदारांच्या हाताखालील कवायती पलटणही आली. इंग्रजांचा वकील मॅलेट हा 1786 पासून दरबारी राहत होता, आणि जेम्स वेल्स नावाचा चित्रकार पेशव्यांची तसबीर रंगवीत होता. सारांश, त्या वेळचे पुणे हे नाना देशींच्या व नाना धर्मांच्या लोकांनी गजबजलेले नगर होते.

या लोकांत पेशव्यांच्या लष्करात चाकरी करणारे पोर्तुगीज व गोमंतकीय ख्रिस्ती अंमलदार व शिपाई होते. तोफखान्याच्या कामी अशा लोकांस विशेष मागणी असे. ही मंडळी घरदार, गावचे देऊळ व कुटुंबातील वडीलधारी माणसे यांपासून दूर येऊन पडली होती. मूल जन्मास आले तर त्याचा बाप्तिस्मा कोठे करावा, मरणोन्मुखाजवळ धर्मगुरू कोठून आणावा व सण आला तर एकत्र कोठे जमावे, ही त्यांची अडचण होती. त्यांच्यातील एक अंमलदार दों मिगेल दे नोरोन्हा यांनी पेशव्यांकडे देवळासाठी जागेची विनंती केली, आणि सवाई माधवरावांनी ती मान्य करून शहराच्या पूर्व अंगास, नाना पेठेनजीक, जमीन दिली. 8 डिसेंबर 1792 रोजी, म्हणजे पवित्र मरियेच्या निष्कलंक गर्भसंभवाच्या सणाच्या दिवशी, तेथे पाया घातला गेला. आणि त्याच महिन्याच्या 25 तारखेस, नाताळच्या दिवशी, एका साध्या मातीच्या देवळात पहिली मिस्सा झाली. क्वार्टर गेटजवळील जे मंदिर आज आपण 'सिटी चर्च' या नावाने ओळखतो, त्याचा जन्म हा असा नाताळच्या दिवशी झाला.

वाचकहो, या घटनेचे मोल नीट ध्यानात घ्यावे. चिमाजी आप्पांनी पोर्तुगिजांपासून वसई घेतली ती 1739 साली. त्या रणसंग्रामास या वेळी पुरती 54 वर्षेही झाली नव्हती. त्याच्या आठवणी सांगणारी वृद्ध माणसे दोन्ही पक्षांत हयात असली पाहिजेत. असे असताही मराठी राज्याच्या राजधानीत, ब्राह्मण पेशव्याच्या आज्ञेने, ख्रिस्ती देवळास जागा मिळाली. पुण्यावर इंग्रजांचे निशाण चढले ते 1817 च्या नोव्हेंबरात. म्हणजे त्यापूर्वी 25 नाताळ मराठ्यांच्याच राज्यात येऊन गेले. हा सण कँपातून शहरात आला असे म्हणणाऱ्यास याहून अधिक स्पष्ट उत्तर ते कोणते द्यावे?

कँप वसला तो नंतर. खडकीच्या लढाईनंतर इंग्रजांची छावणी पुण्यास कायम झाली व गोऱ्या पलटणींबरोबर आयरिश कॅथलिक शिपाईही आले. त्यांच्यासाठी उभारलेले संत पॅट्रिकचे मंदिर 1850 सालचे. 1886 साली पोप तेरावे लिओ यांनी हिंदुस्थानातील धर्मसत्तेची मांडणी केली, तेव्हा पुणे धर्मप्रांत निर्माण होऊन हेच मंदिर त्याचे कॅथेड्रल झाले. आपले सातारा व सांगली हे जिल्हे त्याच धर्मप्रांतात मोडतात. छावणीच्या आश्रयाने गोव्याहून आचारी, वाजंत्री, शिंपी व बेकरीवाले आले, दक्षिणेकडून तमिळ कुटुंबे आली, आणि अहमदनगर जिल्ह्यातील खेड्यांतून मराठी ख्रिस्ती लोक पोटासाठी आले. या मराठी बांधवांस धर्माचे वाचन आपल्या भाषेत मिळावे म्हणून फादर हेन्री डोरिंग यांनी 1903 साली नगरकडील केंदळ या गावाहून 'निरोप्या' हे मासिक सुरू केले. पुढे 1907 साली तेच पुण्याचे बिशप झाले. त्या गादीवर पहिले हिंदी बिशप, अँड्र्यू डिसोझा, आले ते 1949 साली. असे हे नाना थर एकावर एक बसून पुण्याचा नाताळ घडला.

तो कसा घडला हे पाहावयाचे असेल तर फराळाच्या ताटाकडे पाहावे. गोमंतकीय घरातील ताटात नेवऱ्या, दोदोल, कलकल व बेबिंक असतात. त्या ताटास 'कुस्वार' म्हणतात व तो शब्दही पोर्तुगीज 'कोन्सोआदा' या शब्दापासून आला आहे. मराठी ख्रिस्ती घरात त्याच दिवशी करंज्या, चकल्या, शंकरपाळे आणि लाडू होतात. नेवरी आणि करंजी या दोन बहिणीच होत. एकीने पोर्तुगीज नाव धारण केलेल्या ताटात जागा घेतली, दुसरीने दिवाळीच्या. दारावर टांगलेला कागदी तारा आणि आकाशकंदील यांचेही नाते तसेच आहे. पूर्वी घरोघरी भट्टी नसे. म्हणून कँपातील बाया केकचे मिश्रण घरी कालवून डबे मोहल्ल्यातील बेकरीत भाजावयास देत. भट्टीवाला कोणत्या धर्माचा आहे याची चौकशी कोणी करीत नसे. देवळातील गोठ्याचा देखावाही असाच दूरदेशीचा पाहुणा. इटलीतील ग्रेच्चो या गावी संत फ्रान्सिस यांनी 1223 साली गुहेत गवत, बैल व गाढव आणून पहिला गोठा मांडला. आणि आपल्या मुलांनी त्यात डोंगर, विहीर व बैलगाडी मांडून त्यास सातारी रूप दिले. आपल्या सातारा शहरी 1917 साली 'देवाचा दरबार' स्थापन करणारे रेव्हरंड नारायण वामन टिळक आपल्या पंथाचे नव्हते. परंतु ख्रिस्तभक्ती अभंगांत गाता येते हे त्यांनी दाखवून दिले, ते उपकार आपण मानले पाहिजेत.

या साऱ्या हकीकतीत एक सूत्र दिसून येते. शहरातील नाताळ हा बहुतांशी घरापासून दुरावलेल्या माणसांनी घडविला आहे. मुंबईतील धोबीतलाव व माझगाव या भागांतील गोमंतकीयांचे 'कूड' पाहा. आगबोटीवरील खलाशी, आचारी व वादक यांनी गावागावांच्या नावे ही बिऱ्हाडे काढली. खोलीत खाटांची दाटी असे, तरी भिंतीशी वेदी असे, व सायंकाळी सर्वांनी मिळून रोझरीची प्रार्थना करावी असा नियम असे. बोट सुटण्याची वाट पाहणारा खलाशी घरी पोहोचू शकला नाही, तरी त्याचा नाताळ एकाकी जात नसे.

याहून हृदयद्रावक उदाहरण आपल्याच बाजूचे आहे. दुसऱ्या महायुद्धात रशियाच्या थंड प्रदेशात हद्दपार झालेले सुमारे 5,000 पोलिश लोक, मुख्यतः स्त्रिया व मुले, 1943 ते 1948 या काळात कोल्हापूरनजीक वळिवडे येथील छावणीत राहिले. प्रकृतीने अशक्त मुलांसाठी पाचगणीसही सोय करण्यात आली होती. पोलिश लोकांची रीत अशी की, 24 डिसेंबरच्या सायंकाळी आकाशात पहिला तारा दिसला म्हणजे कुटुंबाने जेवावयास बसावे, आणि मेजावर एक जागा अवचित येणाऱ्या पाहुण्यासाठी रिकामी ठेवावी. ज्यांचे स्वतःचे घर जगात कोठेच उरले नव्हते, त्यांनी करवीरच्या माळावर हा सण पाळला. बेथलेहेमात पवित्र मरिया व संत योसेफ यांस धर्मशाळेत जागा मिळाली नाही, ही कथा त्यांस निराळी समजावून सांगण्याची गरज नव्हती.

असो. इतिहास वाचून केवळ अभिमान धरावा आणि स्वस्थ बसावे, असे होऊ नये. पेशव्यांनी जागा दिली ती परक्या मुलुखातून आलेल्या माणसांस. आज जागा देण्याची पाळी आपली आहे. शिरवळ व खंडाळा या बाजूस कारखाने उभे राहिले आहेत, आणि त्यांत झारखंड, ओडिशा, केरळ अशा दूरच्या प्रांतांतून तरुण मुले-मुली कामास येतात. पुण्यात तर अशांची गणती नाही. नाताळच्या रात्री देवळात ही मुले मागच्या बाजूस उभी असतात व मिस्सा संपताच खोलीकडे परततात. आपण मात्र आपापल्या नातलगांत रमतो. गोमंतकीय एकीकडे, तमिळ दुसरीकडे, मराठी तिसरीकडे असे घोळके अंगणात उभे राहतात. घोळक्यात गोडवा पुष्कळ असतो. पण ज्याचा घोळका नाही, त्याने कोठे उभे राहावे?

आणखी एक गोष्ट. पूर्वी फराळाचे ताट शेजाऱ्यांच्या घरी गेल्यावाचून सण पुरा होत नसे. दिवाळीस त्यांचे ताट आपल्याकडे येई, नाताळास आपले त्यांच्याकडे जाई. शहरातील बंद दारांच्या इमारतींत ही देवघेव ओसरत चालली आहे. केक दुकानातून येतो, सजावट दुकानातून येते, आणि शेजाऱ्यास शुभेच्छा मोबाईलवरून जातात. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपकास बंदी आल्यापासून मुंबई-पुण्यातील अनेक देवळांच्या अंगणातील मिस्सा लौकर आटोपतात. हे कायद्यास धरून आहे व शेजारधर्मासही. परंतु त्यामुळे हाती आलेला तो रिकामा वेळ आपण कोणास देतो, याचा विचार ज्याचा त्याने करावा.

म्हणून या ज्युबिली वर्षी प्रत्येक कुटुंबास माझी नम्र विनंती आहे. 24 डिसेंबरच्या रात्री आपल्या पंगतीस एका तरी परगावच्या माणसास बसवावे. दुसऱ्या दिवशी निदान दोन शेजाऱ्यांच्या घरी ताट न्यावे, आणि ते मुलांच्या हाती द्यावे. कोणी "हा सण कोठला?" असे विचारल्यास मुलांनी 1792 सालची हकीकत सांगावी व सवाई माधवरावांचे नाव कृतज्ञतेने घ्यावे. नाताळचा काळ तीन राजांच्या सणापर्यंत, 6 जानेवारीपर्यंत, आपण मानीत आलो आहोत. याच दिवसांत, 3 जानेवारीस, आपल्या खंडाळे तालुक्यातील नायगावी जन्मलेल्या सावित्रीबाई फुले यांची जयंती येते. त्याही येथूनच पुण्यास गेल्या, त्यांनी परक्यांच्या मुलांस आपले मानले, आणि 1897 च्या प्लेगात रोग्यांची सेवा करता करता देह ठेवला. त्या दिवशी आपल्या तरुण मंडळींनी एखाद्या रुग्णाची वा निराधाराची भेट घेतली, तर आपला सण व आपला तालुका ही दोन्ही एकाच कृतीत धन्य होतील.

मातीच्या त्या लहान देवळात पहिल्या मिस्सेस जमलेल्या शिपायांची नावे आज कोणी सांगू शकत नाही. परंतु त्यांना मिळालेली जागा अद्याप आहे, आणि तीत आपण दरवर्षी गुडघे टेकतो. गोठ्यातील दिव्य बालकाने आपल्या प्रत्येक घरी एक जागा मोकळी ठेवण्याची बुद्धी आपणां सर्वांस द्यावी, ही प्रार्थना करून हा लेख पुरा करतो. सर्व वाचकांस नाताळचा व ज्युबिलीचा आशीर्वाद.