नाटकातला मोलियर

नाटकात नाटक म्हटलं की आपल्याला आधी 'हॅम्लेट' आठवतं. राजवाड्यात नटमंडळी येतात, खेळ करतात आणि खुनी राजाचा चेहरा उतरतो. पण तिथं शेक्सपियर स्वतः कुठं दिसत नाही. फ्रान्सच्या मोलियरनं मात्र स्वतःलाच, नावानिशी, रंगमंचावर उभं केलं. इंग्रजी रूपांतराच्या वाटेनं ज्याच्या नाटकातून देवलांचं 'संशयकल्लोळ' आलं, तोच हा मोलियर.

डिसेंबर १६६२ मध्ये त्याचं 'बायकांची शाळा' पॅरिसमध्ये लागलं आणि गर्दी लोटली. ओरडही तेवढीच झाली. नाटक अश्लील आहे, धर्माची टिंगल करतं, असं म्हणणारे पुढं आले. बूर्गोन्य नाट्यगृहाच्या प्रतिस्पर्धी मंडळीनं तर मोलियरवरच एक नाटक लावलं. त्यानंही उत्तर नाटकातूनच दिलं. ऑक्टोबर १६६३ मध्ये व्हर्सायला, चौदाव्या लुईपुढं त्यानं जो खेळ केला, त्यातली पात्रं म्हणजे त्याचीच मंडळी, आपापल्या खऱ्या नावांनी. राजाची फर्माईश आहे, नाटक बसलेलं नाही, नटांना संवाद पाठ नाहीत, मोलियर घायकुतीला आलाय आणि लग्न झाल्यावर पुरुष कसे बदलतात, यावरून त्याची तरुण बायको आर्मांद त्याला भर तालमीत टोमणे मारतेय! मधेच तो बूर्गोन्यच्या बड्या नटांच्या नकला करून घेतो. त्यांचा मॉन्फ्लरी अंगानं चांगलाच भरलेला. राजाच्या भूमिकेला चार माणसांएवढा देह हवा, अशी कोपरखळी त्याला बसते.

मला यातली एक जागा मोलाची वाटते. थट्टा थांबवून मोलियर सांगतो, की माझी नाटकं, माझा चेहरा, आवाज, हावभाव यांचं विरोधकांनी हवं ते करावं. बाकीचं मात्र माझं मला राहू द्यावं. बाकीचं म्हणजे घर.

ते कुणी ऐकलं नाही. ज्या बाईशी मोलियरचे पूर्वी संबंध होते, तिच्याच मुलीशी त्यानं लग्न केलं, असा अर्ज मॉन्फ्लरीनं राजाकडे केला. मुलगी त्याचीच असावी, हा त्यातला रोख. दरबारानं दाद दिली नाही. उलट फेब्रुवारी १६६४ मध्ये राजा मोलियरच्या पहिल्या मुलाचा धर्मपिता झाला. तालमीचं ते नाटक मोलियरनं हयातीत छापलं नाही. ते आलं १६८२ मध्ये.

नाटकात स्वतःचं नाव त्यानं पुन्हा घेतलं ते १६७३ मध्ये, 'काल्पनिक रोगी'त. औषधांच्या नादी लागलेल्या आर्गांला भाऊ सुचवतो, की मोलियरचं एखादं नाटक बघ. आर्गां भडकतो. मी डॉक्टर असतो तर हा मोलियर आजारी पडल्यावर त्याला बिनउपचार मरू दिलं असतं, म्हणतो. आर्गांची भूमिका करत होता मोलियर, आणि खोकल्यानं तो खरोखरच खंगला होता.

१७ फेब्रुवारीला, चौथ्या प्रयोगात, त्याला रंगमंचावरच झटका आला. त्यानं तो हसण्यात लपवला, प्रयोग पुरा केला आणि काही तासांतच घरी प्राण सोडला. दोन पाद्र्यांनी यायला नकार दिला होता, तिसरा पोचेपर्यंत उशीर झाला. नटाचा धंदा सोडल्याची कबुली न देता मेलेल्याला चर्चच्या जमिनीत जागा नव्हती. आर्मांद राजाकडे गेली. २१ तारखेला, रात्री, कोणत्याही थाटाविना दफन करायची तेवढी परवानगी मिळाली.