रस्त्यावरचा कायदा आणि श्वासाचे माप



इतिहासाच्या व्याख्यानाला येणाऱ्या श्रोत्यांची अपेक्षा लढायांची, तहांची, निदान एखाद्या किल्ल्याची असते. आम्ही आज ज्या वस्तूचा इतिहास सांगणार आहोत, ती कोटाच्या खिशात मावेल एवढी आहे. काचेची एक नळी, तिच्यात पिवळे स्फटिक, आणि टोकाला फुगवण्याची पिशवी. दारू प्यालेल्या माणसाने नळीत फुंकले की पिवळे स्फटिक हिरवे होऊ लागत. आज या नळीच्या जागी आकडा दाखविणारे यंत्र आले आहे. परंतु कायद्याला जे शेकडो वर्षे साधले नव्हते, ते प्रथम या नळीने साधले.

हा विषय कामगार चळवळीतल्या माणसांनी का घ्यावा, असा प्रश्न कोणी करील. त्याचे उत्तर सरळ आहे. ट्रक, बस आणि टॅक्सी चालविणारा आमचा भाऊ आहे, आणि दिवसभर रस्ता खणून रात्री त्याच रस्त्याच्या कडेला अंग टाकणारा मजूरही आमचाच भाऊ आहे. चालक पकडला गेला की त्याची पहिली धाव युनियनच्या कचेरीकडे असते. परवाना गेला तर घरची चूल विझेल, हे आम्ही जाणतो. आणि चाकाखाली जो सापडला, त्याच्या घरची चूल तर विझलेलीच असते. या दोघांना एकाच वेळी न्याय कसा द्यावयाचा, हा आमच्यापुढचा प्रश्न आहे. आणि त्याचे उत्तर या लहानशा नळीच्या इतिहासात सापडते.

प्रथम इंग्लंडकडे वळू, कारण मोटारीच्या कायद्याचे पहिले धडे आपल्या देशाने तिकडूनच घेतले. मोटार जन्मण्यापूर्वी, १८७२ साली, तेथे मद्यविक्रीच्या परवान्यांचा एक कायदा झाला. सार्वजनिक रस्त्यावर गाडी, घोडा, गुरे किंवा वाफेचे यंत्र ताब्यात असता जो नशेत असेल, त्याला ४० शिलिंगांपर्यंत दंड किंवा एक महिन्यापर्यंत कैद, असे त्यात सांगितले होते. पुढे १८९७ च्या सप्टेंबरात लंडनमध्ये जॉर्ज स्मिथ नावाच्या टॅक्सीवाल्याने विजेवर चालणारी आपली गाडी एका इमारतीवर नेऊन घातली आणि नशेत मोटार चालविल्याबद्दल त्याला दंड झाला. या गुन्ह्याच्या इतिहासात पहिले नाव त्याचेच सांगतात. पहिला गुन्हेगार भाड्याची गाडी चालविणारा निघाला, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

त्यानंतर १९२५, १९३० आणि १९६२ साली इंग्लंडात कायदे झाले, शब्द बदलले. कधी 'नशेत असणे', कधी 'गाडीवर योग्य ताबा ठेवण्यास असमर्थ असणे', कधी 'चालविण्याची क्षमता बिघडणे'. पण अडचण एकच राहिली. नशा आहे की नाही, हे ठरवावयाचे कोणी आणि कशावरून? शिपायाने तोंडाचा वास घ्यावयाचा, डॉक्टरने जमिनीवर रेघ ओढून तीवरून चालावयास सांगावयाचे, जीभ अडखळेल असे शब्द उच्चारून घ्यावयाचे. असल्या पुराव्यावर खटला उभा राही. ज्याच्या पदरी पैसा आहे तो आपला डॉक्टर आणि आपला वकील घेऊन येई. समोर बसलेले पंच बहुधा स्वतः मोटारवाले, आणि जेवणापूर्वी दोन प्याले घेणारे. आज याच्यावर आली, उद्या आपल्यावर येईल, असे मनात येऊन ते आरोपीला सोडून देत. ज्याला वकील परवडत नाही, त्याच्यासाठी मात्र शिपायाचे नाकच न्यायाधीश ठरे. जेथे माप नाही तेथे मोठ्याला सवलत आणि लहानाला शिक्षा, हा नियम आम्हां कामगारांस नवा नाही.

म्हणून या इतिहासातला खरा बदल मापाने घडविला. स्वीडनमधील लुंड येथे एरिक विडमार्क यांनी १९२० नंतरच्या दशकात रक्ताच्या काही थेंबांतील मद्यार्क मोजण्याची रीत बसविली. त्या शास्त्राच्या आधारे नॉर्वेने १९३६ साली कायदा केला, की १०० मिलिलिटर रक्तात ५० मिलिग्रॅमहून अधिक मद्यार्क आढळला तर तोच गुन्हा. चालक झोकांड्या खात होता की नाही, हा वादच उरला नाही. स्वीडनने १९४१ साली ८० मिलिग्रॅमची मर्यादा घातली. अमेरिकेत इंडियाना राज्यात रोला हार्गर या प्राध्यापकांनी फुग्यातील श्वासावरून नशा मोजण्याचे यंत्र केले, आणि त्याच राज्यात १९५४ साली रॉबर्ट बोर्केनस्टाईन यांनी त्याहून सुटसुटीत यंत्र बनविले.

या बोर्केनस्टाईनविषयी दोन शब्द अधिक सांगितल्यावाचून आम्हांस राहवत नाही. हा गृहस्थ छायाचित्रांचे काम करणारा कारागीर होता. पोलिसांच्या प्रयोगशाळेत नोकरीला लागला आणि शिकत शिकत वर चढला. महाविद्यालयाची पदवी त्याला १९५८ साली मिळाली. म्हणजे यंत्र आधी, पदवी नंतर! पुढे याच माणसाने ग्रँड रॅपिड्स या शहरात १९६२ आणि १९६३ साली मोठी पाहणी केली. अपघातात सापडलेले सुमारे सहा हजार चालक आणि त्याच शहरात अपघाताविना गाड्या चालविणारे साडेसात हजारांहून अधिक चालक यांची तुलना केली. रक्तातील प्रमाण ५० मिलिग्रॅमच्या पुढे गेले की अपघाताचा धोका वाढू लागतो आणि ८० च्या पुढे तो झपाट्याने चढतो, असे तीतून दिसले. 'मला चढत नाही', 'मी सवयीचा आहे' या बढाईला त्या दिवशी आकड्यांनी उत्तर दिले.

आता पुन्हा इंग्लंड. १९६७ साली तेथे मजूर पक्षाचे सरकार होते आणि वाहतूकमंत्री होत्या बार्बरा कॅसल, ब्लॅकबर्न या कापडगिरण्यांच्या गावाच्या प्रतिनिधी. त्यांनी रस्ते-सुरक्षिततेचा कायदा संमत करून घेतला. मर्यादा ८० मिलिग्रॅम. शिपायाला दारूचा संशय आला, वाहतुकीचा नियम मोडला गेला किंवा अपघात झाला, तर नळीत फुंकावयास सांगण्याचा त्याला अधिकार. दोषी ठरणाऱ्याचा परवाना एक वर्ष बंद. ९ ऑक्टोबर १९६७ पासून हा कायदा अमलात आला.

त्यावेळी बाईंवर जो गहजब झाला तो पाहण्यासारखा होता. गुत्तेवाल्यांनी आमचा धंदा बुडाला म्हणून ओरड केली. मोटारवाल्यांनी इंग्रज माणसाचे स्वातंत्र्य बुडाले म्हणून ओरड केली. बाई स्वतः मोटार चालवीत नसत, तेव्हा यांना काय कळते, असेही म्हणून झाले. धमकीची पत्रे आली. बाई बधल्या नाहीत. पहिल्या बारा महिन्यांचा हिशेब लागला तेव्हा रस्त्यावरचे मृत्यू आदल्या वर्षापेक्षा १,१५२ ने कमी भरले आणि गंभीर जखमींची संख्या ११ हजारांहून अधिक घटली. घट सर्वांत ठळक दिसली ती रात्रीच्या वेळी, गुत्ते बंद झाल्यानंतरच्या तासांत.

येथे व्याख्यान संपविले असते तर गोष्ट गोड झाली असती. पण इतिहास येथे थांबत नाही, आणि आमच्या मते खरा धडा पुढेच आहे. काही वर्षांतच ते यश ओसरू लागले. अपघातात मरणाऱ्या चालकांत प्यालेल्यांचे प्रमाण कायद्यापूर्वी जेवढे होते तेवढे झाले आणि १९७५ च्या सुमारास ते त्याहूनही वर गेले. कायदा तोच, मर्यादा तीच, शिक्षा तीच. मग बिघडले कोठे? लॉरेन्स रॉस या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने याचा अभ्यास केला. आरंभी लोकांना वाटले, की वळणावळणावर शिपाई नळी घेऊन उभा आहे. हळूहळू त्यांच्या अनुभवास आले, की महिनोन् महिने कोणी अडवीत नाही. भीती शिक्षेची नव्हती, पकडले जाण्याची होती. आणि ती भीती गेली तेव्हा कायदा पुस्तकात राहिला. १९६६ च्या मूळ विधेयकात कोणत्याही चालकाला संशयावाचून तपासण्याची सोय होती. विरोधामुळे ती गाळली गेली होती. तिची किंमत पुढे मोजावी लागली.

याची उलट बाजू ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स राज्याने दाखविली. तेथे १७ डिसेंबर १९८२ पासून पोलीस रस्त्यावर ठाण मांडून येईल त्या गाडीला थांबवू लागले. मंत्री असो की हमाल, फुंकावयाचे आणि पुढे जावयाचे. १९८२ साली त्या राज्यात साडेबाराशेच्या आसपास माणसे रस्त्यावर मेली होती. १९८३ साली ती संख्या हजाराच्या आत आली. आणि तपासणी चालू राहिल्यामुळे तेथले यश इंग्लंडसारखे विरून गेले नाही.

आता आपल्या घरात पाहू. आपल्याकडे १९३९ च्या मोटार वाहन कायद्यात नशेत गाडी चालविणे हा गुन्हा होता. पण तेथेही 'ताबा ठेवण्यास असमर्थ' ही इंग्रजी शब्दरचनाच होती. मुंबई राज्याने १९४९ साली दारूबंदीचा कायदा केला आणि १९५९ साली त्यात रक्तातील मद्यार्काचे ०.०५ टक्के हे माप घातले. ते माप दारू पिण्याबद्दल होते, गाडी चालविण्याबद्दल नव्हे. चालकासाठी आकडा आला तो १९८८ च्या केंद्रीय कायद्याला १९९४ साली झालेल्या दुरुस्तीने: १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम. इंग्लंडच्या १९६७ च्या मर्यादेपेक्षा ही कितीतरी कडक. कागदावर आपण इंग्लंडच्या पुढे गेलो. रस्त्यावर मात्र ती नळी क्वचितच दिसे.

आणि मग १२ नोव्हेंबर २००६ ची पहाट उजाडण्यापूर्वी मुंबईत वांद्र्याच्या कार्टर रोडवर एक मोटार पदपथावर चढली. तेथे बांधकामावरचे मजूर आणि त्यांची मुलेमाणसे झोपली होती. सात जण मेले, आठ जखमी झाले. चालकाच्या रक्तात मद्यार्काचे प्रमाण ०.११२ टक्के निघाले, म्हणजे मर्यादेच्या जवळजवळ चौपट. खालच्या न्यायालयाने सहा महिन्यांची शिक्षा दिली. त्यावर लोकांत संताप उसळला. उच्च न्यायालयाने २००७ साली ती तीन वर्षांवर नेली आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१२ मध्ये ती कायम केली. सात मृत्यू आणि तीन वर्षे. हा हिशेब कोणाला बरोबर वाटो वा चूक, त्या सातांपैकी एकही त्याने उठून बसला नाही. त्यांना वाचवू शकला असता तो चार फर्लांग अलीकडे नळी घेऊन उभा असलेला शिपाई.

मुंबईच्या वाहतूक पोलिसांनी २००७ साली ही तपासणी मोहीम म्हणून हाती घेतली. पुढे २०१९ साली केंद्राने पहिल्या गुन्ह्याचा दंड दोन हजारांवरून दहा हजार रुपयांवर नेला. दंड वाढविण्यास आमचा विरोध नाही. परंतु इंग्लंडचा इतिहास स्पष्ट सांगतो, की नुसता दंड वाढविल्याने काम होत नाही. दहा हजारांचा दंड पण वर्षातून एकदा तपासणी, यापेक्षा लहान दंड पण दर शनिवारी तपासणी, ही अधिक जीव वाचवील.

आमचे काही बंधू म्हणतात, 'पोलिसांच्या हाती आणखी एक हत्यार कशाला देता? गरीब चालकाला अडवून चिरीमिरी काढतील.' ही शंका खोटी नाही, आणि तिला हसून उडवून देणारा माणूस चालकाच्या शेजारी कधी बसलेला नाही. परंतु विचार करा: चिरीमिरी कोठे चालते? जेथे शिपायाचे मत हाच पुरावा, तेथे. यंत्राने आकडा दाखविला, त्याची छापील पावती हाती आली, की घासाघीस करावयास जागा कमी उरते. म्हणून आमच्या संघटनांनी मागावे ते हे, की यंत्र वेळच्या वेळी तपासलेले असो. आकड्याची पावती चालकाला मिळो. कायद्यात अटकेनंतर दोन तासांच्या आत वैद्यकीय तपासणी सांगितली आहे, ती खरोखर होवो. आणि लांब गाडी व खटारा यांना एकच नळी लागो. चालकाच्या या हक्कांसाठी आम्ही भांडू. पिऊन गाडी चालविण्याच्या हक्कासाठी भांडणार नाही, कारण असा हक्क नाही. अमेरिकेतील आगगाडीचालकांची जुनी संघटना १८६३ साली स्थापन झाली. तिने आपल्या ब्रीदातील पहिला शब्द 'शुद्धीत राहणे' हा ठेवला होता, आणि सत्य, न्याय, नीती हे शब्द त्यानंतर. इंजिनावर उभे राहणाऱ्यांना ते कोणी शिकवावे लागले नव्हते.

मालकांनाही एक शब्द. सोळा तास गाडी हाकावयास लावून चालकाने ताजेतवाने राहावे, ही अपेक्षा ठेवणारा मालक त्याला बाटलीकडे ढकलतो. पाळीचे तास आणि विश्रांतीची जागा हाही रस्ते-सुरक्षिततेचाच भाग आहे.

आणि शेवटी आपण नागरिक. रस्त्यावर नाकेबंदी लागली, की कोणी घड्याळ दाखवितो, कोणी ओळख सांगतो, कोणी पुढाऱ्याला फोन लावतो. भाचा सुटला म्हणून घरात पेढे वाटले जातात. त्या रात्री शिपायाच्या मनात एक गोष्ट पक्की होते, की या गावाला कायदा नको आहे. उद्यापासून तो नळी पेटीत ठेवतो. इंग्लंडात कायदा थकला तो असाच थकला. आपल्याकडे तो वशिल्याने थकू नये. तेव्हा पुढल्या वेळी गाडी अडविली, तर काच खाली करा, नळीत फुंका, आणि उन्हातान्हात, रात्रीअपरात्री उभ्या असलेल्या त्या माणसाला 'चालू द्या तुमचे काम' एवढे म्हणा. लग्नाच्या वरातीत प्यालेल्या पाहुण्याच्या हातून किल्ली काढून घेणे, हेही त्याच कामाला लावलेले हातभार आहेत. पदपथावर निजलेल्या माणसाला आपले नाव ठाऊक नसते, आपल्यालाही त्याचे नसते. त्याच्या आणि आपल्या चाकाच्या मध्ये उभे असते ते एवढेच माप. ते उभे राहील की नाही, हे पोलिसांइतकेच आपल्यावर आहे.