दंड, गोधडी, पोतेरे : जुन्या लुगड्याची कुळकथा

जुन्या कापडाचे थर एकावर एक अंथरून ते धावदोऱ्याने, म्हणजे सुई सरळ रेषेत खालीवर नेणाऱ्या साध्या टाक्याने, जखडले की गोधडी तयार होते. पश्चिम महाराष्ट्रात तिला वाकळ असेही म्हणतात. चिंध्या जोडून वस्त्र करण्याचा भारतातील जुना आणि तपशीलवार उल्लेख बौद्धांच्या विनयपिटकातील महावग्गात आढळतो. उकिरड्यावर वा स्मशानात टाकून दिलेल्या कापडाला तेथे पांसुकूल म्हटले असून, मगधातील बांध घातलेल्या शेतांची आखणी पाहून बुद्धाचा शिष्य आनंद याने भिक्षूंच्या चीवराची, म्हणजे वस्त्राची, तुकडेजोड रचना केली, असे त्यात सांगितले आहे. कापलेल्या कापडाचा कोणाला लोभ वाटत नाही, हे त्यामागचे एक कारण होते. नाथपंथी जोग्यांची कंथाही, म्हणजे ठिगळांचे वस्त्रही, याच विरक्तीच्या परंपरेतली. आणि अमरावती जिल्ह्यात 1876 साली जन्मलेल्या गाडगेबाबांना त्यांच्या ठिगळांच्या वस्त्रावरून लोक गोधडेबाबा म्हणत, ते याच अर्थाने.

तथापि घरातील गोधडीचे मूळ या विरक्तीत शोधणे फारसे पटणारे नाही, कारण संन्याशाने कापडाचे मोल मुद्दाम नाहीसे केले, तर गृहिणीने ते शेवटच्या धाग्यापर्यंत वसूल केले. तिचे खरे मूळ नऊवारी लुगड्याच्या झिजण्यात आहे. लुगडे सर्वत्र सारखे झिजत नाही. कासोट्याचा आणि बसण्याचा भाग आधी विरतो, पदर मात्र बराच काळ धड राहतो. म्हणून विरलेला भाग कापून टाकून दोन लुगड्यांचे धड तुकडे एकमेकांस जोडले जात, आणि या जोडणीला ‘दंड घालणे’ अशी संज्ञा होती. दंडाचे लुगडेही विटले की त्याची तान्ह्या मुलासाठी दुपटी होत, कारण शेकडो धुण्यांनी मऊ झालेले सूत नव्या कापडापेक्षा अंगाला सुखाचे असते. गोधडीची ऊबही याच मऊपणावर आणि थरांमध्ये कोंडल्या जाणाऱ्या हवेवर अवलंबून असते. नऊ वार म्हणजे सुमारे 8.2 मीटर लांबीचे कापड चौघडी घातले असता दोन मीटरहून किंचित लांब असे चार थर मिळतात, म्हणजे माणसाला पुरेल एवढे पांघरूण एकाच लुगड्याच्या घडीत जवळजवळ तयार असते. त्यात विरलेले तुकडे आत भरावेत, धड कापड वरखाली घ्यावे आणि कडेपासून मध्याकडे टाके घालीत जावे, ही रीत पडली ती यामुळेच. गोधडीही फाटली की तिच्या चिंध्यांचे पोतेरे, म्हणजे जमीन सारवण्याचा बोळा, होई. वर्षातून एकदा, घटस्थापनेपूर्वी, घरातील साऱ्या वाकळा नदीवर नेऊन धुण्याची खेड्यांतील प्रथा पाहिली, तर या वस्तूला घरात किती मान होता हे ध्यानात येते.

बंगालचा कांथा, बिहारची सुजनी, कर्नाटकातील कौदी ही गोधडीची भावंडे होत. मात्र त्यांचा एकच जनक शोधण्याची गरज नाही, कारण जेथे सुती, न शिवलेले, लांब वस्त्र नेसले जाते तेथे हे तंत्र आपोआप सुचण्याजोगे आहे.

लुगड्यापासून पोतेऱ्यापर्यंतच्या या साखळीला धक्का कापडानेच दिला. कावसजी दावर यांनी 1854 मध्ये मुंबईत कापडगिरणीची कंपनी स्थापन केली, त्यानंतरचे गिरणीचे कापड सुतीच असल्याने गोधडीचे फारसे बिघडले नाही. पण विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आलेली नायलॉन आणि पॉलिएस्टरची पातळे घाम शोषीत नाहीत, थरांत एकमेकांवरून घसरतात आणि झिजून मऊही होत नाहीत. याच काळात स्टेनलेस स्टीलची भांडी स्वयंपाकघरात रुळली, आणि जुने कपडे घेऊन त्यांच्या बदल्यात भांडे देणारी बोहारीण शहरी मध्यमवर्गाच्या दाराशी नेहमीची झाली. कपाटातल्या ज्या साडीची गोधडी होईना, तिचे पातेले होऊ लागले. आणि बोहारणीशी केली जाणारी घासाघीस पाहता काटकसरीचा हिशेब बदलला तरी तो सुटला नव्हता, एवढे निश्चित. आज दुकानांत मिळणारी गोधडी पुष्कळदा नव्या कापडाची असते, आणि तिची किंमत विकतच्या रजईपेक्षाही अधिक असू शकते. तिच्यात टाके तेच असले तरी दंड घातलेल्या लुगड्याशी तिचा संबंध उरलेला नाही.