फलाट : एका शब्दाचे दोन प्रवेश

रायपूरच्या रेल्वे स्थानकाला लागून, रुळांच्या पलीकडे, गुढियारी ही जुनी वस्ती आहे. किराण्याची घाऊक बाजारपेठ म्हणून तिचा लौकिक. स्थानकाला त्या बाजूनेही प्रवेशद्वार आहे. तेथून आत शिरणाऱ्याच्या नजरेस जो फलक पडतो, त्यावर 'प्लेटफार्म' असे नागरीत लिहिलेले असते. हीच गाडी डोंगरगड मागे टाकून महाराष्ट्रात शिरली की मराठी वृत्तपत्रे त्याच ओट्याला 'फलाट' म्हणतात. वस्तू एक, इंग्रजी मूळही एकच. मात्र हिंदीच्या लिखित व्यवहाराने तो शब्द जवळजवळ आहे तसा ठेवला आणि मराठीने त्याला आपल्या मुखात वळवून घेतले. हा भेद वरवर उच्चाराचा दिसतो. पुढे तो अर्थाचाही झाला.

इंग्रजीत हा शब्द फ्रेंचमधून आला आणि त्याचा मूळ आशय 'सपाट आकार' एवढाच होता. सोळाव्या शतकात तो जमिनीच्या आराखड्याला व तोफा चढविण्याच्या सपाट जागेला लागू होता. आराखड्यावरून तो तत्त्वांच्या जाहीर मांडणीवर गेला : मॅसॅच्युसेट्समधील ख्रिस्ती मंडळ्यांनी 1648 मध्ये स्वीकारलेल्या धर्मव्यवस्थेच्या मसुद्यालाही 'केंब्रिज प्लॅटफॉर्म' हेच नाव आहे. अमेरिकेतील राजकीय पक्षांच्या जाहीरनाम्याला आजही हाच शब्द लागतो आणि त्यातील एकेका कलमाला 'फळी' म्हणतात. रेल्वेचा ओटा हा त्या मालिकेतील बराच उशिराचा अर्थ होय.

मराठीला मात्र प्रथम भेटला तो हा उशिराचा अर्थ. 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली प्रवासी गाडी गेली. 1867 मध्ये लोहमार्ग नागपूरला पोचला. नागपूरहून राजनांदगावपर्यंत मीटर गेजचा मार्ग झाला आणि 1887 मध्ये स्थापन झालेल्या बंगाल नागपूर रेल्वेने तो रुंद करून पुढे नेला. या साऱ्या प्रवासात शब्द शिकविणारा कोश नव्हता. हमाल, गँगमन, तिकीट काढणारा शेतकरी यांनी तो कानाने उचलला. आरंभीचे 'प्ल' हे जोडाक्षर फुटले, पुढच्या 'फ'चा महाप्राण बहुधा आधीच्या 'प'कडे ओढला गेला, शेवटचा भार गळून पडला आणि उरला एक पुल्लिंगी, सामान्यरूप घेणारा, निःसंशय मराठी शब्द. 'गाडी फलाटाला लागली' या वाक्यात परकेपणाचा मागमूसही नाही.

ही प्रक्रिया मराठीला नवी नाही. 'क्षेत्र'चे 'शेत', 'चक्र'चे 'चाक' आणि 'कर्म'चे 'काम' जिने केले, तीच ही प्राकृत वळणाची प्रक्रिया. 'फलाट' हा इंग्रजीतून झालेला तद्भव होय, असे म्हटल्यास ते केवळ चमत्कृतीसाठी ठरणार नाही. कारण तद्भवाबरोबर येणारी अर्थाची मर्यादाही येथे आढळते. 'शेत' झाले ते नांगराचे. विद्येच्या किंवा सेवेच्या 'क्षेत्रा'साठी संस्कृत रूप पुन्हा आणावे लागले. फलाटही रुळांना असाच जखडला गेला.

मग इंग्रजी शब्दाच्या उरलेल्या अर्थांचे काय झाले? सभेतील वक्त्याच्या जागेसाठी मराठीने पुराणिकाचे आसन उचलले. 'व्यासपीठ' हा मूळचा कथा-कीर्तनाच्या जगातला शब्द. त्यावर समाजसुधारक बसले, मग कामगार पुढारी बसले, आणि अखेर 'विचारांचे व्यासपीठ' असे म्हणताना बसायला जागाही उरली नाही. हिंदीने या कामी 'मंच' नेमला आणि 'व्यासपीठ' भागवतकथेसाठी राखून ठेवले. रायपूरच्या तात्यापारा भागातील मराठी माणसाला म्हणूनच शहरात एक अर्थ आणि मराठी वाचनात दुसरा भेटतो. हा विस्तार कोणत्याही समितीने केला नव्हता, ही गोष्ट येथे ध्यानात घ्यावी लागते.

समित्यांचा प्रयत्न याच प्रदेशात, मोठ्या निष्ठेने झाला. 1861 मध्ये मध्य प्रांत निर्माण झाल्यापासून 1956 पर्यंत नागपूर व रायपूर एकाच प्रांतात होते आणि स्वातंत्र्यानंतर त्या प्रांताने हिंदी व मराठी या दोहोंना राजभाषा मानले. रायपुरात वकिली केलेले रविशंकर शुक्ल मुख्यमंत्री असताना नागपुरात डॉ. रघुवीर यांनी संस्कृत धातू, उपसर्ग आणि प्रत्यय यांच्या बळावर परिभाषेची प्रचंड उभारणी केली. दोन्ही भाषांना एकच परिभाषा मिळावी, ही त्यामागील दृष्टी क्षुद्र नव्हती. शिवकालीन राज्यव्यवहारकोशाची परंपरा तिच्या पाठीशी होती. रघुवीरांच्या नावावर खपविले जाणारे विनोद त्या परिश्रमांना न्याय देत नाहीत. तरीही ही उभारणी गृहीत धरीत होती की शब्द आधी होतो आणि वापर मागून येतो. फलाटाच्या बाबतीत वापर केव्हाच होऊन गेला होता. 1956 मध्ये प्रांत फुटला, विदर्भ मुंबई राज्यात गेला, रायपूर मध्य प्रदेशात राहिले. सामाईक परिभाषेचा पायाच त्यामुळे दुभंगला.

विसाव्या शतकाच्या अखेरीस संगणकाबरोबर इंग्रजी शब्द पुन्हा दारात उभा राहिला. आता त्याचा अर्थ होता, ज्या यंत्ररचनेवर व मूलभूत प्रणालीवर इतर कार्यक्रम चालतात तो आधार. आशय जुनाच होता : सपाट पाया, ज्यावर दुसरे काही उभे राहावे. 'फलाट' तेथे सहज चालला असता. पण या आधाराला फलाट म्हणताच कानात शिट्टी वाजते, आणि 'व्यासपीठ' म्हणावे तर वक्ता शोधावा लागतो. तेव्हा लोकांनी 'प्लॅटफॉर्म' हाच शब्द, जोडाक्षर न फोडता, दुसऱ्यांदा उसना घेतला. 'इस्पितळ' घरात असताना 'हॉस्पिटल' आले, त्याचीच ही पुनरावृत्ती. पहिल्या वेळी घेणारा निरक्षर होता, दुसऱ्या वेळी सुशिक्षित. आणि शब्दाला आपले रूप देण्याचे धाडस निरक्षराने अधिक दाखविले. सुशिक्षिताला मूळ रूप ठाऊक असते आणि ते मोडल्यास आपले अज्ञान दिसेल, असे भय त्याला वाटते.

परिणामी आज मराठीत हे दोन शब्द शेजारी नांदतात. त्यांचे मूळ एक आहे, हे 'फलाट' म्हणणाऱ्या बहुतेकांच्या मनातही येत नाही. गुढियारीकडून स्थानकात शिरणाऱ्या मराठी भाषकाला मात्र तो फलक वाचताना हे नाते कोणी समजावून सांगण्याची गरज पडत नाही.