पुरलेला खांब, टांगलेली थैली

महाराष्ट्रातील व्यायामपरंपरेचा इतिहास बहुधा वस्ताद, पैलवान आणि तालमी यांच्या नावांनी सांगितला जातो आणि साधनांचा उल्लेख त्यात केवळ यादीपुरता येतो. वास्तविक एखादे साधन जमिनीत रोवलेले आहे, तुळईला टांगलेले आहे की भिंतीला जखडलेले आहे, यावरच ते शरीराकडून काय करून घेणार हे ठरते, आणि ते कोणापर्यंत पोहोचणार हेही बऱ्याच अंशी त्यावरच अवलंबून असते. बंदराचे गाव ते इमारतींचे शहर असा प्रवास केलेल्या पनवेलच्या परिसरातून हा इतिहास पाहणे उद्बोधक ठरते.

१८३० मध्ये बोरघाटातून गाडीरस्ता खुला झाल्यावर पुण्याकडील माल आणि प्रवासी पनवेलपर्यंत गाड्यांनी येऊन पुढे जलमार्गाने मुंबईस जाऊ लागले, आणि या वाहतुकीच्या आधारावर बैलगाडीची चाके घडविणे हा गावाचा नावाजलेला धंदा बनला. तुंबा म्हणजे चाकाचा मधला गाभा, आरे आणि वरची लोखंडी धाव यांचा मेळ बसवायचा तर लाकूड वाळलेले, न पिळणारे आणि भार सोसणारे हवे, ही पारख त्या धंद्याचा पाया होती. पनवेल तालुक्यातीलच शिरढोण येथे ४ नोव्हेंबर १८४५ रोजी वासुदेव बळवंत फडके यांचा जन्म झाला; पुढे पुण्यात लहुजी वस्ताद साळवे यांच्या तालमीत त्यांनी घेतलेले शिक्षण आणि इंग्रज सत्तेविरुद्ध केलेले १८७९ चे बंड यांमुळे तालीम व राजकीय प्रतिकार यांचे नाते या परिसराच्या स्मृतीत कायमचे कोरले गेले.

तालमीतील साधनांपैकी रोवण्याच्या कौशल्यावर सर्वाधिक अवलंबून असलेले साधन म्हणजे मल्लखांब, अर्थात कुस्तीगिराने पकड, चपळाई आणि तोल कमावण्यासाठी वापरावयाचा उभा खांब. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ या ग्रंथात मल्लांच्या सरावातील अशा स्तंभाचा उल्लेख आढळतो. त्यानंतर दीर्घकाळ मागे पडलेल्या या विद्येचे पुनरुज्जीवन दुसऱ्या बाजीरावाच्या कारकिर्दीत बाळंभटदादा देवधर यांनी केले, आणि १८१८ नंतर बाजीरावाबरोबर ती ब्रह्मावर्तास, म्हणजे बिठूरला गेली, असे परंपरा सांगते.

चाकांप्रमाणे या खांबालाही लाकडाची पारख लागते. त्यासाठी साग किंवा शिसव निवडतात, कारण दोन्ही लाकडे टणक असून घासून गुळगुळीत होतात. गाठ किंवा चीर असलेला सोट मात्र नाकारावा लागतो, कारण उघड्या मांडीने घातलेल्या अढीत, म्हणजे पायांच्या विळख्यात, बारीकशी कूसही कातडी फाडते. जमिनीवर साधारण अडीच मीटर उंच राहणारा हा खांब बुडाशी जाड असून वर निमुळता होत जातो, आणि त्याचे अंग, मान व बोंड असे तीन भाग मानतात. अंगाला एरंडेल तेल चोळल्याने घर्षण बेताचे राहते आणि लाकूडही टिकते. कोकणच्या पावसात पुरलेल्या भागाला वाळवी व कूज यांचे भय असल्याने तो भाग डांबर फासून, भोवती दगड-माती ठासून बसवावा लागतो. खांब तसूभर हलला तरी उडी घेणाऱ्याचा अंदाज चुकतो. म्हणून येथे साधनाने स्थिर राहावे आणि शरीराने फिरावे, हा नियम आहे.

टांगत्या मल्लखांबाने हा नियम उलटा केला. आखूड खांब साखळी व आकड्याने वर अडकवून खाली मोकळी जागा ठेवली की तो झुलतो आणि गिरक्या घेतो, आणि खेळाडूला स्वतःच्या तोलाबरोबर त्याचाही तोल सांभाळावा लागतो. काशीतील महाराष्ट्रीय गुरूंच्या आखाड्यांत वेताचा मल्लखांब प्रचारात आला आणि पुढे वेताची जागा दोराने घेतली, असे सांगितले जाते. दोराला खड्डा लागत नाही, मजबूत तुळई पुरते. विसाव्या शतकात मुलींमध्ये हा प्रकार विशेष रुजला. १९१४ मध्ये स्थापन झालेले अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ आणि १९२५ मध्ये स्थापन झालेले दादरचे श्री समर्थ व्यायाम मंदिर यांसारख्या संस्थांनी ही विद्या तालमीबाहेर नेली, आणि २०१९ मध्ये मुंबईतील शिवाजी पार्कवर पहिली जागतिक मल्लखांब स्पर्धा भरली.

मुष्टियुद्धातील स्पीड बॅग, म्हणजे गोल फळीखाली फिरत्या आकड्याला टांगलेली हवा भरलेली लहान थैली, पाश्चात्त्य व्यायामशाळांतून आली असली तरी साधनाला आधार कसा द्यायचा, हा तिचा प्रश्न याच परंपरेतला आहे. ठोसा बसताच थैली फळीच्या मागच्या, पुढच्या आणि पुन्हा मागच्या बाजूवर आपटून परत येते, आणि या तीन आघातांच्या ठेक्यावर पुढचा ठोसा मारावयाचा असतो. फळी हलकी किंवा सैल असेल तर ती आघात स्वतःच शोषून घेते आणि ठेका मोडतो. म्हणजे येथे साधन हलते, शरीर जागेवर राहते, आणि आधार मात्र पूर्णपणे अचल लागतो. थैलीचा फुगीर भाग हनुवटीच्या आसपास यावा म्हणून, घरात वेगवेगळ्या उंचीची माणसे सराव करणार असतील तर वरखाली सरकणारी चौकट निवडणे श्रेयस्कर ठरते.

१९७० मध्ये सिडको या नगरविकास संस्थेची स्थापना झाल्यानंतर वाढलेल्या नवीन पनवेलमधील घरांत लाकडी तुळया नाहीत, आणि पोकळ किंवा हलक्या विटांची आतली भिंत असे सततचे हादरे फार काळ सोसत नाही. फळीचे लोखंडी कोन सिमेंट-काँक्रीटच्या भिंतीत विस्तारणाऱ्या बोल्टांनी बसविणे सुरक्षित असले, तरी इमारतीच्या खांबाला किंवा तुळईला छिद्र पाडण्यापूर्वी अभियंत्याचा सल्ला आवश्यक असतो, आणि शेजाऱ्यांना पोहोचणाऱ्या आवाजाचाही विचार करावा लागतो.

पूर्वी साधन रोवण्याची जबाबदारी तालीम, म्हणजे एक समाज, उचलत असे. आज ती एकेका कुटुंबावर येऊन पडली आहे. नव्या वसाहतींच्या सामाईक दालनांत बांधकामाच्या वेळीच दोरासाठी आकडा आणि फळीसाठी भक्कम भिंत राखून ठेवली, तर घरात जागा नसलेल्या मुलामुलींनाही सराव करता येईल, आणि तालमीने जपलेली सामायिक जबाबदारीची रीत नव्या पनवेलमध्येही चालू राहील.